चार बोटांचा फरक

दिवा लावण्याआधी बसून पाहणारा वायरमन सौंसरात एकच होता, तुळशीराम सोमकुंवर. बाकीचे वायरमन शिडीवर चढत, भोक पाडत, दिवा टांगत आणि घरमालकाला "झालं" म्हणून सांगत. तुळशीराम आधी विचारायचा, "इथं कोण बसते?" मग त्या जागी स्वतः बसायचा. डोळे मिटायचा, जरा वेळानं उघडायचा आणि घरातल्या कोणाला तरी दोरीला बांधलेला दिवा वरखाली करायला लावायचा. बल्ब बसणाऱ्याच्या डोळ्यांत जाऊ नये आणि समोरच्याचं तोंड झाकलं जाऊ नये, एवढंच त्याचं शास्त्र होतं. त्याच्या मते या दोन चुकांच्या मधली जागा फार तर चार बोटांची. चार बोटं वर गेला की दिवा डोळ्यांत, चार बोटं खाली आला की तोंडावर. शिडीवरून हे कळत नाही, असं तो म्हणे.

या शास्त्राची गरज सत्तरच्या सुमारास पडू लागली. त्याआधी सौंसरात दिवा म्हणजे भिंतीवरच्या लाकडी गुटक्यावरचा बल्ब. मग दोन-तीन वर्षं संत्र्याला बरा भाव आला, स्लॅबची घरं झाली, आणि स्लॅबच्या घरात छताकडं पाहिलं की काहीतरी कमी आहे असं लोकांना वाटू लागलं. नागपूरच्या नातेवाइकांकडं वायरीला लटकणारे छोटे काचेचे दिवे होते. ते इकडं आले. शिकलेल्या बाया त्यांना पेंडंट म्हणत, तुळशीराम पेंडल म्हणे, आणि म्हाताऱ्या बाया घंट्या म्हणत.

तुळशीरामच्या स्वतःच्या घरी यातलं काही नव्हतं. वस्तीतल्या बहुतेक घरांसारखं त्याच्याकडं सरकारी एकबत्ती कनेक्शन होतं. एकबत्ती म्हणजे नावाप्रमाणेच एक बत्ती. तुळशीरामनं तिला लांब वायर जोडली होती आणि आढ्याला दोन हुक मारले होते, एक चुलीजवळ आणि एक पुढच्या खोलीत. भाकरी झाल्या की बायको मालती दिवा पहिल्या हुकावरून काढून दुसऱ्यावर अडकवी. सौंसरभर दिव्यांच्या जागा ठरवणाऱ्या माणसाच्या घरातला दिवा रोज जागा बदलत असे. मालती म्हणे, "आपल्या घरी दिवा नाई, पाव्हणा आहे. इकडून उठवला की तिकडं बसते."

आता बसून पाहायचं म्हटलं की कशावर बसायचं, हा प्रश्न येतोच. तुळशीरामच्या बापानं छप्पन साली नागपूरला जाऊन धम्म स्वीकारला होता. सौंसरानं ते ऐकून घेतलं आणि आपल्या खुर्च्या होत्या तिथंच ठेवल्या. तुळशीराम छिंदवाड्याहून आयटीआय करून आला, कागदावर वायरमन झाला, तरी त्यात फरक पडला नाही. कुठं त्याच्यापुढं गोणपाट यायचं, कुठं तेलाचा रिकामा डबा, कुठं पायरी. कोणी वाईट बोलत नसे. "बस ना रे, बस," असंच म्हणत, आणि बोट पायरीकडं करत.

तुळशीराम बसायचा. घरमालकाच्या पलंगाची, झोपाळ्याची, सोफ्याची उंची त्यानं नजरेनं आधीच घेतलेली असायची. पायरी आणि झोपाळा यांत एक वीत, डबा आणि खुर्ची यांत चार बोटं, सोफा असेल तर तीनच, कारण सोफा दबतो. आपल्या बसण्यात तेवढं मिळवायचं म्हणजे त्यांचं बसणं निघतं. आयटीआयमध्ये हे शिकवत नसत. पंधरा वर्षं तो ही बोटं मुकाट्यानं मिळवत आला आणि त्याचा दिवा कोणाच्या डोळ्यांत गेला नाही. लोक म्हणत, तुळशीरामचा अंदाज म्हणजे अंदाज. काय काय मिळवून तो अंदाज होतो, हे विचारण्याचं कोणाला कारण नव्हतं.

चौऱ्याऐंशी साली रघुनाथराव घाटोडे यांनी बोरगावच्या रस्त्याला नवा बंगला बांधला. गाव त्यांना पाटील म्हणे. रघुनाथराव पुढारलेले होते. संत्र्याची बाग, कापसाची शेती, नागपूरहून येणारं वर्तमानपत्र आणि स्वतःची जीप. दर चौदा एप्रिलला ते वस्तीत येत, फोटोला हार घालत आणि समतेवर वीस-पंचवीस मिनिटं चांगलं बोलत. पाणी घरून पिऊन येत.

बंगल्यात जेवायची वेगळी खोली होती. सागवानी टेबल, गादीच्या सहा खुर्च्या. टेबलावर जेवणं ही सौंसरात तेव्हा नवी गोष्ट होती, त्यामुळं टेबलाच्या वर काय लावायचं याची परंपरा नव्हती. रघुनाथरावांनी तुळशीरामला बोलावलं.

"पाह्य तुळशीराम, हे घरचं काम नीट कर. मग आपलं पांढुर्ण्याचं मंगल कार्यालय आहे. मी आणि नत्थूजी मिळून करून राहिलो. टेबल-खुर्चीची पंगत, वर साठ दिवे. हे जमलं त ते तुलेच."

म्हणजे टेबलावरच्या दिव्यांना पांढुर्ण्याचे साठ दिवे लटकलेले होते. तुळशीरामनं ते घरी येऊन सांगितलं तेव्हा मालतीनं मनातल्या मनात बसस्टँडसमोर एक दुकानही घेतलं. दुकानावर पाटी, पाटीवर आडनावासकट पूर्ण नाव. घरोघर शिडी घेऊन फिरणं बंद. काम असेल त्यानं दुकानात यावं, आणि दुकानात आलेल्या माणसाला बसायला काय द्यायचं ते आपण ठरवावं.

"पाटी मोठी करा," ती म्हणाली. "पाटलाच्या जीपमधून दिसली पाह्यजे."

दिवे आणायला रघुनाथराव, त्यांची बायको शोभाताई आणि तुळशीराम असे तिघं जीपनं नागपूरला गेले. शोभाताईंना झुंबर हवं होतं. त्यांच्या बहिणीकडं होतं.

"ताई, तुमचं छत दहा फुटाचं," तुळशीराम म्हणाला. "झुंबर लावलं त पाटलाइले वाकून जेवा लागन."

"मग काय, नुसता बल्ब टांगू का? बहीण हसेल मला."

"बारके तीन घ्या. एका ओळीत. उजेड टेबलावर पडन, तोंडावर नाई."

दुकानदारानं पंचवीस-तीस नमुने काढले. लाल काचेचे शोभाताईंना आवडले. तुळशीराम म्हणाला, लाल काचेखाली ताजी भाजी शिळी दिसते. हिरवे पुढं आले. हिरव्यात जेवणारा आजारी दिसते, तो म्हणाला. शेवटी त्यानं कोपऱ्यातले दुधी काचेचे उचलले, उलट्या गडव्याएवढे, काठाला बारीक चुण्या असलेले. त्यांच्याकडं तोवर कोणी पाहिलंही नव्हतं. दुकानदारानं एक लावून दाखवला. त्याचा उजेड सायीसारखा होता. शोभाताई गप्प झाल्या, म्हणजे पसंत पडले.

"मिस्त्रीची नजर आहे हो," दुकानदार म्हणाला.

त्या दुकानदारानं आल्याबरोबर तिघांना एकसारखी तीन स्टुलं दिली होती. शहरातली माणसं घाईत असतात, असल्या गोष्टींकडं त्यांचं लक्ष नसतं. तुळशीराम तासभर त्या स्टुलावर बसून दिवे पाहत होता, आणि त्या तासात त्याला काहीही मिळवावं लागलं नाही.

परत येताना काचेची खोकी मागं ठेवली तर धक्के बसतील म्हणून तुळशीरामला मांडीवर खोकी देऊन पुढं बसवलं. शोभाताई मागं बसल्या. सावनेर मागं पडल्यावर रघुनाथरावांचं मन मोकळं झालं. "तुळशीराम, तुले सांगतो, तू आता काही परका नाही. घरचाच माणूस आहे तू."

हेही तुळशीरामनं घरी सांगितलं.

"घरचा म्हनला?" मालतीनं विचारलं.

"म्हनला."

"मंग उद्या चहा कोणत्या कपात देते, ते पाहून या."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला काम होतं. शोभाताईंनी टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरलं, तुळशीराम चपला काढून टेबलावर उभा राहिला आणि छताला तीन भोकं पाडली. टेबलावर उभं राहायला कोणाची हरकत नव्हती. मग खाली उतरून त्यानं हात झटकले आणि नेहमीप्रमाणं विचारलं, "इथं कोण बसते?"

"मी," रघुनाथराव म्हणाले.

तुळशीरामनं त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"थांब थांब, गादी नवी आहे ती. अरे कोण आहे रे तिकडं? ती टिनाची खुर्ची आण."

गड्यानं ओसरीवरची घडीची टिनाची खुर्ची आणली. रघुनाथरावांच्या घरच्या सगळ्या खुर्च्यांवर पाठीमागं 'र. घा.' अशी अक्षरं रंगवलेली होती, कारण त्या गावात लग्नाकार्याला जात. या एका खुर्चीवर काही लिहिलेलं नव्हतं. ती कुठं जात नसे. सागवानी खुर्ची ओढून बाजूला झाली आणि तिच्या जागी, बरोबर तिच्याच जागी, टिनाची उघडली गेली.

"बस. आरामात बस. आपल्याकडं तसलं काही नाही," रघुनाथराव म्हणाले.

तुळशीराम बसला. दिव्याची दोरी धरायला स्वतः रघुनाथराव स्टुलावर चढले. घरमालक वर, वायरमन खाली, असं दृश्य सौंसरात सहसा दिसत नाही, आणि रघुनाथरावांना त्यात कमीपणा वाटला नाही हे नमूद करायला हवं. सागवानी खुर्ची तिकडं भिंतीशी उभी होती. गादी धरून चार बोटं जास्त. हे कळायला तुळशीरामला पापणी मिटण्याइतकाही वेळ लागत नसे.

त्यानं डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटून ठेवले.

"खाली घ्या, पाटील," तो डोळे उघडून म्हणाला. "अजून खाली. जरासं अजून. बस."

"इतकं खाली?"

"मी बसलो तिथून बरोबर आहे."

"तुले बरोबर वाटून राहिलं ना? मग झालं."

तुळशीरामनं वायरवर पेन्सिलीची खूण केली, भोक झाकणाऱ्या छतावरच्या वाटीत वायरीला गाठ मारली आणि तिन्ही दिवे त्या मापानं टांगले. त्या दिवशी त्यानं चार बोटं मिळवली नाहीत. चहा ओसरीवर, नेहमीच्या कोनाड्यातल्या कपात आला. तो पिऊन, कप विसळून, पालथा घालून तो घरी गेला.

गृहप्रवेशाच्या संध्याकाळी टेबलावर पहिली पंगत बसली. मानाच्या जागी पांढुर्ण्याचे नत्थूजी. शोभाताईंनी बटण दाबलं, दुधी उजेड पुरणपोळ्यांवर पडला, सगळे "वा वा" म्हणाले आणि बसले. बसल्यावर असं दिसून आलं की प्रत्येकाच्या समोरच्या पाहुण्याच्या तोंडाच्या जागी एक दिवा आहे.

"रघुनाथराव, तुम्ही तिकडं आहा ना?" नत्थूजींनी विचारलं. "आवाज येऊन राहिला, माणूस दिसून नाही राहिलं."

"इथंच आहो, इथंच आहो."

"मग हा समोर कोण आहे, एवढा गोरा?"

हशा झाला. रघुनाथरावही हसले, निदान तसा आवाज आला. वाढायला वाकलेल्या शोभाताईंच्या कपाळाला मधला दिवा लागला आणि झुलू लागला. त्याबरोबर ताटं, वाट्या, भिंतीवरच्या सावल्या सगळं झुलू लागलं. एका पाहुण्यानं तुपाची वाटी समजून पाण्यात पोळी बुडवली. आतून रघुनाथरावांच्या आई केसरबाई, ज्या स्वयंपाकघरात पाटावर जेवत, ओरडल्या, "त्या घंट्या वाजवून नका राहू रे. आरती व्हायची आहे काय?"

जाताना नत्थूजींनी विचारलं, "कोणाचं काम हे?"

"तो आपला तुळशीराम."

"पांढुर्ण्याले दुसरा पाहू," नत्थूजी म्हणाले, आणि गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रघुनाथरावांनी तुळशीरामला बोलावणं पाठवलं. ते रागावलेले नव्हते, दुखावलेले होते. आपण ज्याला घरचा म्हटलं त्यानं पाहुण्यांपुढं आपलं तोंड झाकलं, हे त्यांना लागलं होतं.

"कसं काय चुकला रे? तू त कधी चुकत नाही."

"चुकलो नाही, पाटील. त्या खुर्चीवरून बरोबर आहे."

"कोणत्या?"

"टिनाच्या."

रघुनाथरावांनी ओसरीकडं पाहिलं. टिनाची खुर्ची घडी करून भिंतीला टेकवलेली होती. मग ते म्हणाले, "बरं, झालं ते झालं. आता वर घे."

"किती?"

"तूच सांग ना. तुझं काम आहे."

"मग तुमच्या खुर्चीवर बसून पाहा लागन."

वाक्य साधं होतं. तुळशीरामनं आवाजही चढवला नाही. पण पंधरा वर्षांत हे वाक्य त्यानं कुठल्या घरात उच्चारलं नव्हतं, आणि आता ते त्या जेवणाच्या खोलीत तिन्ही दिव्यांसारखं मधोमध लटकत राहिलं. रघुनाथरावांनी खुर्चीकडं पाहिलं, मग आतल्या दाराकडं.

"हे पाह्य तुळशीराम, माझं तसं काही नाही. तुले माहीत आहे. पण आई आहे घरात. जुनं माणूस."

"माझं नाव कायले घेतं रे?" आतून केसरबाई म्हणाल्या. "मी त खाली बसून जेवते. त्या खुर्चीवर मी कधी बसली?"

"आई, तू गप्प राह्य."

"गप्पच आहे. बसू दे नाई त नको बसू देऊ. माझ्यावर नको ढकलू."

रघुनाथराव बराच वेळ टेबलावरची चादर सारखी करत राहिले. शेवटी म्हणाले, "राहू दे. तुले त्रास नको. नागपूरहून माणूस बोलावतो मी."

तुळशीराम हत्यारांची पिशवी उचलून घरी आला. मालती भाकरी थापत होती. दिवसाची वेळ, दिवा चुलीजवळच्या हुकावर बंद लटकत होता. त्यानं काय झालं ते सांगितलं. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले, आणि मग विचारलं.

"मुद्दाम केलं?"

"मोजलं तसं केलं."

"इतके दिवस मोजलं तसं करत होते काय?"

"नाई."

"मग तिथंच काहून? पंधरा वर्षं लोकाइनं पायऱ्यांवर बसवलं, डब्यांवर बसवलं, तवा त तुमची बोटं बरोबर चालत होती."

"त्याइच्यातल्या कोणी मले घरचा नव्हतं म्हटलं."

मालती त्याच्याकडं पाहत राहिली. "म्हणजे परका म्हनला असता त साठ दिवे भेटले असते," ती म्हणाली. तव्यावरची भाकरी करपू लागली होती. तिनं ती उलटली. "अजून एक डाव मिळवली असती चार बोटं, त काय झिजली असती?"

तिच्या आवाजात नुसता राग नव्हता. पण दुकानाची पाटी तिनं मनात रंगवून ठेवली होती, ती आता मनातूनच उतरवायची होती, आणि ते काम दुसरं कोणी करणार नव्हतं.

सौंसरानं या प्रकरणाचा जो अर्थ लावला तो असा की तुळशीरामची नजर गेली. वय झालं, चष्मा लागला असेल, असं लोक सहानुभूतीनं म्हणत. तो तेव्हा अडतीस वर्षांचा होता. शिंप्यानं पायजमा लांब शिवला की गिऱ्हाईक म्हणे, "हे काय, तुळशीरामचं माप घेतलं काय?" माणसानं आयुष्यात एकदाच जे जाणूनबुजून केलं, ते त्याची चूक म्हणून गावाच्या बोलण्यात कायमचं जमा झालं. जे पंधरा वर्षं मुकाट्यानं केलं त्याला कधी नाव पडलं नव्हतं.

नागपूरचा माणूस यायला दोन महिने लागले. ते दोन महिने घाटोडे कुटुंब एकमेकांची तोंडं न पाहता जेवलं. शोभाताई म्हणत, यांच्याशी बोलायचं तर वाकून खालून पाहावं लागतं. खुर्ची मात्र शाबूत राहिली.

आला तो तिशीतला तरुण होता. डोळ्याला काळा चष्मा, हातात ब्रीफकेस, इस्त्रीचा सफारी. त्यानं कार्ड दिलं: 'हेमंत, इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टर, नागपूर'. आडनाव छापलेलं नव्हतं आणि ब्रीफकेस पाहिल्यावर रघुनाथरावांना ते विचारण्याची गरज वाटली नाही. शोभाताईंनी नक्षीच्या कपात चहा दिला. हेमंत सागवानी खुर्चीवर बसला, दिव्याकडं पाहिलं, गड्याला शिडीवर चढवलं आणि तिन्ही वायरी चार बोटं वर घेऊन गाठी मारायला लावल्या. पंधरा मिनिटांचं काम. रघुनाथरावांना समोर बसलेल्या शोभाताई दिसू लागल्या. त्यांनी तिथल्या तिथं पांढुर्ण्याचे साठ दिवे हेमंतला दिले.

चार वाजता हेमंत बसस्टँडकडं निघाला आणि मधेच वळून वस्तीत आला. तुळशीरामच्या दाराशी उभा राहून म्हणाला, "जय भीम. मालतीताई सोमकुंवर इथंच राहतात ना?"

मालती बाहेर आली. चष्मा काढल्यावर तिनं ओळखलं. "बाप्पा! खोब्रागडे मास्तरचा हेमंत हायस ना तू? नागपूरच्या इंदोऱ्यातला? आमच्या माहेरच्या गल्लीत नाक गळत फिरे थो?"

"तोच, ताई. नाक आता थांबलं."

त्याला गोधडी अंथरून दिली. तो भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून बसला आणि बशीत चहा ओतून प्यायला. सगळं ऐकलं, स्वतःचं सांगितलं. मग तुळशीरामला म्हणाला, "दादा, एक विचारतो. तुमच्या गाठी पाहिल्या मी. एक नंबर काम. तिन्ही दिवे एका सुतात. मग नेमकी चार बोटंच कशी चुकली?"

"त्याइनं मले दुसरी खुर्ची देल्ली होती."

हेमंतला समजायला क्षण लागला. मग तो मोठ्यानं हसला. मालती हसली नाही, म्हणून थांबला.

"आणि तुले?" मालतीनं विचारलं. "तुले त्याच खुर्चीवर बसवलं?"

"आडनाव कोणी विचारलंच नाही. मी खोटं बोललो नाही ताई. विचारलं असतं तर सांगितलं असतं." जरा थांबून तो म्हणाला, "मला वाटते सांगितलं असतं."

मग तो कामाचं बोलला. साठ दिवे एकट्याला होणार नाहीत. हाताखाली चांगला माणूस हवा, आणि तुळशीरामदादासारखा गाठ मारणारा त्याला नागपुरातही माहीत नव्हता. जागा ठरवणं हेमंतकडं, टांगणं तुळशीरामकडं. पाटलांना तो सांगेल की स्वस्तात मिळाला.

"फक्त एक आहे दादा," तो कपातल्या उरलेल्या चहाकडं पाहत म्हणाला. "पांढुर्ण्याला मी तुम्हाला ओळखत नाही. जय भीम इथंच करून घेऊ."

बाहेर कोणाची तरी शेळी ओरडत होती. मालतीनं कप-बशा गोळा केल्या.

"म्हणजे तुले खुर्ची भेटली, याइले शिडी," ती म्हणाली.

"ताई, मी ठेका सोडला तर तो याइले भेटन काय?"

हे खरं होतं, आणि त्यामुळंच कोणाला आवडलं नाही. हेमंतची बस गेल्यावर मालती म्हणाली, "जा. साठ दिवे आहेत." दुसऱ्या दिवशी त्यानं पकडीला तेल दिलं.

पंच्याऐंशीच्या एप्रिलमध्ये पांढुर्ण्याचं काम सुरू झालं. पंगतीचा हॉल लांबलचक, टेबलांच्या ओळी, नव्या खुर्च्या. हेमंत एकेका खुर्चीवर बसून "वर घ्या, अजून थोडं, बस" म्हणे आणि तुळशीराम शिडीवरून वायर सोडी. पहिल्याच दिव्याला तुळशीरामच्या लक्षात आलं की हे माप चुकणार. हेमंतला नजर होती. पण तो खुर्चीवर बसायचा तो कडेला, ताठ, पाठ न टेकता, केव्हाही कोणी येऊन उठवेल असा. लग्नाला आलेला वऱ्हाडी असा बसत नाही. तो मागं रेलतो, जेवण होत जातं तसा आणखी खाली सरकतो. त्याचा डोळा हेमंतच्या डोळ्यापेक्षा बराच खाली. हेमंतच्या मापानं दिवा लावला तर साठच्या साठ बल्ब पंगतीच्या डोळ्यांत जाणार होते.

शिडीवरून तुळशीरामनं एकदा खाली पाहिलं. "नीट बसून पाहा साहेब," असं म्हणता आलं असतं. हॉलमध्ये गवंडी होते, सुतार होते, नत्थूजींचा मुनीम होता. नीट का बसत नाही, याचं उत्तर हेमंतनं सगळ्यांसमोर काय दिलं असतं?

"बस, इथंच," हेमंत म्हणाला.

तुळशीरामनं मान हलवली, वाटीत गाठ मारताना वायर चार बोटं खाली सोडली आणि शिडी पुढं नेली. हेमंतच्या ते लक्षात आलं की नाही, सांगता येत नाही. आलं असेल तर तोही बोलला नाही.

चौदा दिवे झाले तेव्हा रघुनाथराव आणि नत्थूजी पाहायला आले. रघुनाथराव एका खुर्चीवर बसले, मागं रेलले, पाय लांब केले. उजेड टेबलावर पडला होता. समोर बसलेल्या नत्थूजींचं तोंड स्वच्छ दिसत होतं, मिशीसकट.

"याले म्हणते माप!" रघुनाथराव म्हणाले. "नागपूरचा माणूस तो नागपूरचा. तुळशीराम, पाह्य, शिकून घे."

"होय, पाटील."

चहा आला. रघुनाथराव असल्या बाबतीत कधी विसरत नसत. तुळशीरामला बसायला त्यांनी सौंसरची टिनाची खुर्ची जीपमध्ये टाकून आणली होती. ती दाराबाहेर उघडून ठेवलेली होती. हेमंत आत नत्थूजींच्या शेजारी, खुर्चीच्या कडेला बसून चहा पीत होता आणि बाहेर पाहत नव्हता.

तुळशीरामनं चहा संपवला, कप विसळून खुर्चीवर पालथा घातला आणि आत येऊन शिडी पंधराव्या जागेखाली लावली. हेमंत उठून त्या टेबलाशी बसला.

"वर घ्या," तो म्हणाला. "अजून थोडं. बस."

तुळशीरामनं वायर चार बोटं खाली सोडली आणि गाठ मारली.